हमी संपल्यानंतरचे सीटी स्कॅन : करार कंपनीशी करावा, बाहेरच्या अभियंत्याशी करावा, की कराराविना चालवावे?

माणगंगा (धागाकर्ती)

सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी आमचे निदान केंद्र आहे. सोळा स्लाइसचे सीटी, एक डिजिटल एक्स-रे आणि दोन सोनोग्राफी यंत्रे अशी आमची सामग्री आहे. सीटीची हमी मार्चअखेर संपत आहे आणि कंपनीने पुढच्या काळासाठी दोन दरपत्रके पाठवली आहेत. पहिले सर्वसमावेशक देखभाल कराराचे, म्हणजे सीएमसीचे आहे. त्यात मजुरी आणि सुटे भाग दोन्ही येतात, परंतु एक्स-रे ट्यूब त्यात धरायची झाल्यास रक्कम जवळजवळ दुप्पट होते. दुसरे साध्या एएमसीचे आहे. त्यात इंजिनिअर येईल, तपासणी करील, पण बदलाव्या लागणाऱ्या प्रत्येक भागाचे पैसे आम्हीच भरायचे. याच सुमारास पुण्यातील एका स्वतंत्र अभियंत्याने ट्यूब वगळता बाकीची सर्व जबाबदारी कंपनीच्या निम्म्याहून कमी दरात घेण्याची तयारी दाखवली आहे.

पैशांचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न यंत्र बंद पडण्याचा आहे. महामार्गावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेला किंवा पक्षाघाताची लक्षणे असलेला रुग्ण आला आणि त्या दिवशी सीटी बंद असेल, तर त्याला सोलापूर किंवा बारामती गाठावी लागते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही याची सीटीने खात्री करावी लागते. त्यामुळे यंत्र किती दिवस बंद राहील, याचा विचार मी उत्पन्नाच्या आधी करते.

ज्यांनी हमी संपल्यानंतरही यंत्र बरीच वर्षे चालवले आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

हिशेबनीस

डॉक्टरताई, दरपत्रकावरचा आकडा वस्तू व सेवा कर धरून आहे की वगळून, हे आधी पाहा. देखभालीच्या सेवेवर १८ टक्के कर लागतो. निदान सेवा स्वतः करमुक्त असल्यामुळे तुम्हाला या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे दहा लाखांचा करार तुम्हाला प्रत्यक्षात अकरा लाख ऐंशी हजारांना पडतो. तुलना करताना तिन्ही पर्याय करासह मांडा.

सह्यकडा

मी सीटीच्या सेवा विभागात बरीच वर्षे काम केले आहे आणि आता निवृत्त आहे. धागाकर्तींच्या प्रश्नाचे उत्तर मी ट्यूबपासून सुरू करीन, कारण बाकीचे सगळे भाग एकत्र केले तरी करारातील जोखीम मुख्यतः ट्यूबचीच असते.

ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत टंगस्टनच्या फिरत्या चकतीवर आदळतो. त्यातील जेमतेम एक टक्का ऊर्जा क्ष-किरणांत उतरते आणि उरलेली सगळी उष्णता होते. ही चकती निर्वातात फिरते, त्यामुळे तिच्या बेअरिंगला नेहमीचे तेल-ग्रीस चालत नाही. शिवाय ट्यूबच्या घरात भरलेले तेल पंपाने फिरवून बाहेरच्या उष्णता-विनिमयकात थंड केले जाते. त्या विनिमयकाचा पंखा धुळीने भरला, खोलीचे वातानुकूलन कमी पडले किंवा एकामागून एक लांब स्कॅन घेतले, की ट्यूब तापलेलीच राहते आणि तिचे आयुष्य घटते.

ट्यूब बहुधा एका दिवसात जात नाही. आधी एरर लॉगमध्ये आर्किंगच्या नोंदी दिसू लागतात, म्हणजे ट्यूबच्या आत क्षणभर ठिणगी पडून झोत तुटतो. सुरुवातीला आठवड्यातून एखादी नोंद असते, मग ती रोज दिसते, मग एका रुग्णाच्या स्कॅनमध्ये दोनदा येते. गॅन्ट्री, म्हणजे रुग्णाभोवतीचा ट्यूब फिरवणारा कडेसारखा भाग, थांबल्यानंतर चकती मंदावताना घरघर ऐकू येत असेल तर बेअरिंग झिजत आहे. म्हणून हमी संपण्यापूर्वीच कंपनीच्या इंजिनिअरकडून तीन गोष्टी लेखी मागून घ्या : ट्यूबने आजवर केलेले एकूण स्कॅन-सेकंद, गेल्या सहा महिन्यांतील आर्किंगच्या नोंदी आणि शेवटच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे मापे जुळवून घेतल्याचा, अहवाल. हमीच्या काळात हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. दोष आत्ताच निघाला तर तो त्यांच्या खर्चाने दुरुस्त होईल.

ट्यूबचे बरेच आयुष्य उरले असेल, तर पहिल्या वर्षी ट्यूबसह करार घेणे महागात पडते. आयुष्य संपत आले असेल, तर तोच करार स्वस्त ठरतो. पण हे कंपनीलाही ठाऊक असते आणि दर त्याप्रमाणेच लावला जातो.

माणगंगा

सह्यकडा साहेब, मनापासून आभार. स्कॅन-सेकंदांची नोंद कन्सोलवर आम्हाला दिसत नाही, सेवा-पासवर्ड लागतो. इंजिनिअरला आजच पत्र पाठवते.

तारतंत्र

मी स्वतंत्रपणे दुरुस्तीचे काम करतो. धागाकर्तींना दर देणारा अभियंता मी नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो.

सह्यकडा साहेबांनी ट्यूबबद्दल लिहिलेले सर्व मान्य आहे. मात्र मला येणाऱ्या बोलावण्यांपैकी मोठा हिस्सा ट्यूबचा नसतो. तो वीज, धूळ आणि थंडाव्याचा असतो आणि या तिन्ही गोष्टी केंद्राच्या हातात असतात.

स्लिप रिंगचे उदाहरण घ्या. गॅन्ट्रीचा फिरता भाग स्थिर भागाशी तारेने जोडता येत नाही, म्हणून धातूच्या वर्तुळाकार पट्ट्यांवर कार्बनचे ब्रश घासत राहतात आणि त्यातून वीज आत जाते. बऱ्याच यंत्रांत संदेशही याच मार्गाने जातात. ब्रश झिजतात तसा काळा भुगा पट्ट्यांच्या खाचांत साचतो. कव्हर उघडून विजेरी आडवी धरली, की पट्टीवर राखाडी थर दिसतो आणि बोट फिरवले तर बोट काळे होते. हा भुगा वीजवाहक असतो. तो दोन पट्ट्यांमध्ये पसरला, की कधी संदेश तुटतो, कधी गॅन्ट्री मध्येच थांबते आणि पडद्यावर येणारा एरर भलत्याच बोर्डाकडे बोट दाखवतो. अशा वेळी चांगला बोर्ड बदलून लाखांचे बिल झालेले मी पाहिले आहे. ब्रशची उरलेली लांबी मोजून नोंदवणे, व्हॅक्यूमने भुगा काढणे आणि ठरलेल्या मुदतीत ब्रश बदलणे एवढ्याने हा प्रश्न मिटतो. तुमच्या परिसरात साखर कारखाने आहेत; गाळपाच्या हंगामात बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख हवेतून येते, म्हणून हंगाम संपताच गॅन्ट्रीची साफसफाई करार कोणाशीही असला तरी करून घ्या.

दुसरे अर्थिंग. यंत्रासाठी स्वतंत्र अर्थिंगचे खड्डे असावेत, त्यांचा रोध एक ओहमच्या आत असावा आणि उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना, तो पुन्हा मोजावा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज दोनच्या वर जात असेल तर इलेक्ट्रॉनिक बोर्डांना धोका असतो. यूपीएसच्या बॅटऱ्या चार-पाच वर्षांत उतरतात, म्हणजे त्यांची मुदत तुमच्या हमीबरोबरच संपत आली असेल. भर स्कॅनमध्ये वीज गेली आणि यूपीएसने दगा दिला, तर नुकसान बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट होते.

आता मतभेदाचा मुद्दा. सेवा-पासवर्ड आणि सॉफ्टवेअर-की कंपन्या देत नाहीत. यंत्र ग्राहकाच्या मालकीचे, पण त्याचा स्वतःचा एरर लॉग त्यालाच उघडता येत नाही, ही स्थिती अन्यायाची आहे. अमेरिकेत २०२१ साली वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याला स्वामित्वहक्क कायद्यातून सूट मिळाली. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली गेली. वैद्यकीय उपकरणे त्यांत नव्हती. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

सह्यकडा

अर्थिंग आणि स्लिप रिंग याबाबत पूर्ण सहमत. पासवर्डच्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. सेवा-मोडमध्ये किलोव्होल्ट आणि मिलिअँपियरची मूल्ये बदलता येतात. अर्धवट शिकलेल्या माणसाने तिथे हात घातला, तर चित्र सुंदर दिसेल आणि रुग्णाला किरणांची मात्रा जास्त जाईल, आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. चांगले स्वतंत्र अभियंते आहेत हे मला मान्य आहे, पण चांगला कोणता हे केंद्रचालकाने कसे ओळखावे?

अणुरेणू

या प्रश्नाचे उत्तर मोजमापात आहे. मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि गुणवत्ता चाचण्या करतो.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार क्ष-किरण निदान उपकरणांची गुणवत्ता चाचणी किमान दोन वर्षांतून एकदा करावी लागते. ट्यूब बदलल्यावर किंवा किरणोत्सर्गावर परिणाम करणारी अन्य मोठी दुरुस्ती झाल्यावर मुदतीची वाट न पाहता ती पुन्हा करावी लागते. सीटी चालवण्यासाठी मंडळाचा परवाना लागतो आणि मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन पोर्टलवर नूतनीकरण करताना हे अहवाल कामी येतात. दुरुस्ती कंपनीने केली असो वा बाहेरच्याने, मोजणारा तिसरा असावा. चाचणीत किलोव्होल्टची अचूकता, मात्रा, झोताची जाडी आणि प्रतिमेची गुणवत्ता मोजली जाते. अभियंत्याने काम नीट केले नसेल तर ते आकड्यांत दिसतेच.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली बाहेरच्या दुरुस्ती सेवांबद्दल अहवाल दिला होता. बाहेरच्या दुरुस्तीमुळे सार्वजनिक आरोग्याला व्यापक धोका आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही आणि अशा अनेक संस्था उच्च दर्जाची, सुरक्षित सेवा देतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे सरसकट भीती बाळगण्याचे कारण नाही. सरसकट विश्वासही ठेवू नये.

केंद्राने स्वतः रोज करण्याजोगी गोष्ट म्हणजे वॉटर फँटमचा, म्हणजे चाचणीसाठीच्या पाणी भरलेल्या डब्याचा, स्कॅन. पाण्याचा सीटी अंक शून्य यायला हवा. सकाळी वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन झाल्यावर फँटम ठेवा, मधोमध आणि कडेला चार ठिकाणी अंक मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. शून्याच्या आसपास तीन-चार अंकांचा चढउतार चालतो. पण वहीत तो हळूहळू एकाच दिशेने सरकताना दिसला किंवा चित्रात मंद वर्तुळे उमटू लागली, तर डिटेक्टरच्या एखाद्या चॅनेलकडे किंवा कॅलिब्रेशनकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे. तंत्रज्ञाचा रोजचा थोडा वेळ जातो, पण दरपत्रकाची बोलणी करताना या वहीइतका भक्कम आधार दुसरा नाही.

वऱ्हाडी_क्षकिरण

मी विदर्भातील एका ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ आहे. आमचे ३०० एमएचे जुने यंत्र अजून उत्तम चालते. पूर्वी फिल्म होती, मग वाचनयंत्रात घालून चित्र काढायच्या सीआर कॅसेट आल्या आणि आता त्याच जनरेटरवर थेट संगणकावर चित्र देणारे डीआर पॅनेल बसवण्याची चर्चा आहे. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीवर गादीसारखे बसतात. ते दर शनिवारी काढायचे, हा शिरस्ता माझ्या आधीच्या तंत्रज्ञांनी घालून दिला आणि आम्ही तो पाळतो.

सरकारी दवाखान्यांसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये उपकरण देखभालीचा कार्यक्रम आणला. त्यात जिल्हा रुग्णालयात ९५ टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात ९० टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के वेळ उपकरणे चालू असावीत, असे उद्दिष्ट ठेवले होते. उद्दिष्ट योग्यच आहे. पण यंत्र चालू असणे आणि ते चालवणारे माणूस जागेवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंत्रज्ञाचे पद रिक्त असेल तर चालू यंत्रही कापडाखाली झाकलेले राहते आणि महिनोन्‌महिने न वापरलेली ट्यूब एकदम पूर्ण भारावर घेतली तर ती आर्किंग करते. अशा ट्यूबला कमी किलोव्होल्टपासून टप्प्याटप्प्याने वर न्यावे लागते, हे नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला सांगायला हवे.

थेम्सतीर

माझे शिक्षण पुण्याचे, नोकरी इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात. इथे जुन्या उपकरणांबाबत युरोपातील उत्पादकांच्या कोसिर या संघटनेचा दंडक वारंवार उद्धृत होतो : किमान ६० टक्के उपकरणे पाच वर्षांच्या आतली असावीत आणि दहा वर्षांवरची १० टक्क्यांहून अधिक नसावीत.

वऱ्हाडी_क्षकिरण

ताई, उत्पादकांच्या संघटनेने उपकरणे लवकर बदला असे सांगणे स्वाभाविक आहे. आमच्याकडे हा दंडक लावला तर अर्धे ग्रामीण रुग्णालय रिकामे होईल.

अणुरेणू

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. साध्या एक्स-रेमध्ये वयापेक्षा मोजमाप महत्त्वाचे : जनरेटर स्थिर असेल, किरणांची व्याप्ती ठरवणाऱ्या कॉलिमेटरचा प्रकाश आणि किरणांचे क्षेत्र जुळत असेल आणि किरणांची गळती मर्यादेत असेल, तर वीस वर्षांचे यंत्रही चालवायला हरकत नाही. सीटीमध्ये मात्र गेल्या दशकात मात्रा कमी करणारे सॉफ्टवेअर खूप सुधारले आहे. तिथे जुने यंत्र निर्दोष असले तरी त्याच चित्रासाठी रुग्णाला जास्त मात्रा देत असू शकते. लहान मुलांचे स्कॅन जिथे अधिक होतात, तिथे हा विचार आधी करावा.

थेम्सतीर

मान्य. दंडक इथल्या खर्चाच्या चौकटीतला आहे, तो जसाच्या तसा तिकडे लावण्याचा माझा आग्रह नाही. माझा खरा मुद्दा संगणकाचा होता. यंत्राचा यांत्रिक भाग पंधरा वर्षे टिकतो, पण त्याच्या कन्सोलची कार्यप्रणाली आधीच कालबाह्य होते. विंडोज एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर संगणक-विषाणू पसरला, तेव्हा इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे एक तृतीयांश ट्रस्टना त्याची झळ बसली. काही ठिकाणी एमआरआय यंत्रेही जाळ्यातून तोडावी लागली. सुरक्षा-दुरुस्ती त्याआधी दोन महिने उपलब्ध होती, ती लावली गेली नव्हती, एवढेच.

म्हणून जुन्या कन्सोलला इंटरनेटपासून वेगळे ठेवा. चित्रे पाठवण्यासाठी फक्त पॅक्सच्या, म्हणजे चित्रे साठवण्याच्या प्रणालीच्या, सर्व्हरशी बोलता येईल अशी फायरवॉल लावा आणि कोणाचाही पेनड्राइव्ह कन्सोलला लावू देऊ नका.

कोकणकिनारा

सोनोग्राफीबद्दल थोडे अवांतर, पण धागाकर्तींकडे दोन यंत्रे आहेत म्हणून लिहितो. रत्नागिरीत पावसाळ्याचे चार महिने हवेतील ओलावा हाच आमचा शत्रू आहे. प्रोबचे, म्हणजे अंगावर फिरवायच्या भागाचे, कनेक्टर हिरवट पडतात, बोर्डावर बुरशीची जाळी दिसते. डीह्युमिडिफायर बसवल्यापासून पावसाळ्यातील बिघाड लक्षणीय घटले. यंत्र वापरात नसले तरी पावसाळ्यात रोज काही वेळ चालू ठेवावे.

प्रोबच्या बाबतीत चित्रात वरपासून खालपर्यंत एक काळी उभी पट्टी दिसू लागली, की त्या जागचा एखादा घटक किंवा तार तुटलेली असते. नुसत्या जेलवर प्रोब ठेवून बारीक वस्तू, उदाहरणार्थ सरळ केलेली पेपर क्लिप, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवली तर तुटलेली जागा नेमकी सापडते. केबल ट्रॉलीच्या चाकाखाली येणे हे प्रोब जाण्याचे सर्वांत मोठे कारण आहे आणि ते एका हुकने टाळता येते.

एक कायदेशीर बाब विसरू नका. गर्भलिंग निदान प्रतिबंध कायदा १९९४ चा आहे. त्याच्या नियमांनुसार उपकरणातील बदल किमान तीस दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्यांना कळवावा लागतो. यंत्र दुरुस्तीला गेले म्हणून कंपनीने तात्पुरते दुसरे यंत्र आणून दिले, तरी ते परवानगीशिवाय लावू नका. हेतू कितीही स्वच्छ असला तरी नोंदणीबाहेरचे यंत्र केंद्रात सापडणे हा गुन्हाच ठरतो. देखभाल करारात बदली यंत्राचे कलम असेल, तर त्याची कागदपत्रे कोणी आणि किती दिवसांत पुरवायची हे लिहून घ्या.

गोदाकाठ

नाशिकच्या एका एमआरआय केंद्राचे व्यवस्थापन मी पाहतो. सीटीत जसे ट्यूबचे, तसे आमच्याकडे कोल्ड हेडचे. चुंबकाची वेटोळी उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली असतात. वाफ होणारा हेलियम पुन्हा द्रव करण्याचे काम कोल्ड हेड करते आणि त्याला हेलियम कॉम्प्रेसर व थंड पाणी पुरवणारा चिलर यांची साथ लागते. रुग्ण असोत वा नसोत, रविवार असो वा दिवाळी, ही साखळी चोवीस तास चालू राहावी लागते. यंत्राच्या खोलीत शिरताच जो सतत चक्‌चक् असा ठेका ऐकू येतो, तो कोल्ड हेडचा. तो थांबला म्हणजे हेलियम उडून जायला सुरुवात झाली. हेलियम जवळपास संपूर्णपणे आयात होतो आणि भाव लहरीप्रमाणे वरखाली होतात, त्यामुळे भरण्याचा खर्च आधी सांगताच येत नाही.

आमच्या अनुभवात खरा कच्चा दुवा चिलर. तो कंपनीच्या करारात येत नव्हता, कारण तो दुसऱ्या पुरवठादाराचा होता. बोअरचे जड पाणी वापरल्यामुळे नळ्यांत क्षार बसले, प्रवाह घटला, कॉम्प्रेसर तापून बंद पडला आणि ते एका शनिवारी रात्री घडले. कंपनीचे म्हणणे, दोष चिलरचा. चिलरवाल्याचे म्हणणे, आमचा चिलर चालू आहे. या वादात हेलियमची पातळी खाली जात राहिली. आता आम्ही शुद्ध पाणी वापरतो, कॉम्प्रेसर बंद पडताच तिघांच्या मोबाइलवर संदेश येतो आणि गरज पडल्यास पालिकेच्या पाण्यावर तात्पुरती जोडणी करता येईल अशी व्यवस्था ठेवली आहे. करार वाचताना त्यात काय आहे यापेक्षा कोणती वस्तू दोन करारांच्या मध्ये पडते, ते शोधा. सीटीत यूपीएस, वातानुकूलन, रंगद्रव्य टोचणारा इंजेक्टर आणि प्रिंटर यांची अशीच गत होते.

हिशेबनीस

गोदाकाठ यांच्या मुद्द्याला जोडून विम्याबद्दल. इलेक्ट्रॉनिक उपकरण विम्यात व्होल्टेजच्या झटक्याने किंवा अपघाताने झालेले नुकसान येते. झिजून गेलेली ट्यूब येत नाही. देखभाल करार चालू असणे ही अनेक पॉलिसींमध्ये अट असते. कराराविना यंत्र चालवण्याचा विचार असेल तर आधी पॉलिसी वाचा, नाहीतर दावा तिथेच अडेल.

तारतंत्र

सह्यकडा साहेबांनी विचारले होते की चांगला अभियंता ओळखावा कसा. माझ्या मते चार प्रश्न पुरेत. या नेमक्या मॉडेलवर तुम्ही काम केले आहे का, आणि कोणत्या केंद्रात? बदललेला जुना भाग आम्हाला परत देणार का? नवीन भाग कुठून आला, त्याचा अनुक्रमांक बिलावर लिहिणार का? आणि तुम्ही आजारी पडलात तर कोण येणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्यावर एकुलते एक सीटी सोपवू नये, मग तो कितीही हुशार असो.

सह्यकडा

शेवटचा प्रश्न अत्यंत योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की मोडीत काढलेल्या यंत्रातून आलेल्या भागांना माझा सरसकट विरोध नाही. पॉवर सप्लाय, टेबलाची मोटर, डिस्प्ले असे भाग तपासून घेतले तर चालतात. जुनी ट्यूब मात्र घेऊ नये. तिच्यात किती आयुष्य उरले आहे हे विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज कशानेच कळत नाही. आणि स्वतःचे यंत्र मोडीत काढताना नियामक मंडळाची परवानगी घेऊन ट्यूब निकामी केल्याचा पुरावा ठेवा. ती भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाता कामा नये, कारण काही ट्यूबमध्ये विषारी बेरिलियम असतो आणि जाकिटात शिसे असते.

माणगंगा (धागाकर्ती)

सर्वांचे प्रतिसाद आम्ही भागीदारांनी एकत्र बसून वाचले. कंपनीकडून ट्यूबचा अहवाल आला. आयुष्य निम्म्याहून बरेच उरले आहे आणि आर्किंगच्या नोंदी तुरळक आहेत. स्लिप रिंगचे ब्रश हमीतच बदलून मिळाले. अर्थिंग मोजले, तर एका खड्ड्याचा रोध जास्त निघाला. तो नव्याने करून घेत आहोत. वॉटर फँटमची वही सुरू केली आहे.

आमचा कल असा आहे : पहिली दोन वर्षे कंपनीची ट्यूबविरहित सीएमसी, ट्यूबसाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाकणे आणि एक्स-रे व सोनोग्राफीसाठी स्वतंत्र अभियंता. एकुलत्या एका सीटीसाठी माणसांची दुसरी फळी असणे आम्हाला दरापेक्षा महत्त्वाचे वाटले. कंपनीने मसुद्यात ९५ टक्के अपटाइमची, म्हणजे यंत्र चालू राहण्याच्या वेळेची, हमी दिली आहे. ती पुरेशी समजावी का?

हिशेबनीस

वर्षाचे ५ टक्के म्हणजे सव्वाअठरा दिवस. सलग अठरा दिवस यंत्र बंद राहिले तरी कंपनीने करार पाळला असेच ठरेल. म्हणून वार्षिक टक्केवारीबरोबर एका वेळच्या बंदचीही कमाल मर्यादा लिहून घ्या.

सह्यकडा

तक्रार नोंदवल्याची वेळ हाच बंदचा आरंभ धरावा; इंजिनिअर पोहोचल्यापासून मोजणी सुरू होईल असे कलम असेल तर ते बदलून घ्या. स्कॅन होतो पण वर्तुळे उमटतात, अशा अवस्थेला बंद म्हणायचे की चालू, हेही लिहिलेले असावे. माझ्या मते रेडिओलॉजिस्टने निदानास अयोग्य ठरवले की ते बंदच. प्रतिबंधक देखभालीचे दिवस वगळले तरी चालतील, पण त्यांच्या तारखा वर्षारंभी ठरवून घ्या. भरपाई रोख मिळणे अवघड असते, त्यामुळे जादा बंद राहिलेल्या प्रत्येक दिवसामागे कराराची मुदत ठरावीक दिवसांनी वाढावी, असे मागा. ते बहुधा मान्य होते.

थेम्सतीर

हमी संपण्यापूर्वी आणखी एक काम उरकून घ्या. कन्सोलच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत, कॅलिब्रेशनच्या फायली, परवान्यांच्या की आणि तुमचे सगळे स्कॅन-प्रोटोकॉल कंपनीच्या इंजिनिअरकडून दोन वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवा, आणि त्यातील एकीवरून यंत्र खरोखर सुरू होते हे त्यांच्याच देखत करून पाहा. न तपासलेल्या प्रतीचा ऐन वेळी उपयोग होईलच असे नाही.

माणगंगा (धागाकर्ती)

दोन्ही मुद्दे मसुद्यात घालून पाठवत आहे. डिस्कच्या प्रतीसाठी इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येणार आहेत. करारावर सही झाल्यावर, कंपनीचे नाव वगळून, अंतिम कलमे इथेच टाकीन, म्हणजे इतर तालुक्यांतील केंद्रांना त्यांचा उपयोग होईल.